कडा गरुडांचा, दार कुणाचं?

"तिला कशाला सांगत बसतोस? नवी आहे ती. दगडावर सुविचार लिहू दे तिला. कोठीचं तिला काय कळतंय!"

मुलांनो, हे वाक्य मला सांगितलेलं नव्हतं. ते माझ्याबद्दल होतं. मातीच्या भिंतीपलीकडे माझे सासरे बोलत होते आणि अलीकडे मी कंद सोलत होते. भिंत जाड होती. पण आमच्या घरात हळू बोलायची पद्धत नाही.

ही भिंत होती एका जंगलात. कुठलं जंगल, ते विचारू नका. "आपल्याकडे असलं काही होत नाही" असं जिथे कुणी म्हणतं, तिथून ते फार लांब नाही.

त्या जंगलात साळिंदरांचं एक नावाजलेलं घराणं होतं. घराण्याचे प्रमुख अण्णा, म्हणजे माझे सासरे. त्यांच्या पाठीवरचे काटे सगळ्या जंगलात लांब. अण्णा चालू लागले की काटे खुळखुळायचे आणि वाटेवरचे प्राणी बाजूला व्हायचे. अण्णांना वाटायचं, आदराने होतात.

अण्णांचा धंदा बाळंतविड्याचा. रानात कुणी बाळंत झालं की अण्णांकडून विडा जायचा. डिंक, शतावरीची मुळी, कोवळे कंद, सगळं पळसाच्या पानात नीट बांधलेलं. सशिणी, भेकरी, रानडुकरिणी, सगळ्या आया हा विडा मागवायच्या. विडा खरोखरच चांगला होता. एवढं मी मान्य करते.

पण विडा पोचवायचा तर पत्ता हवा. आई घरात असताना पोचवायचा तर वेळ हवी. म्हणून दर बाळंतिणीचं एक पान असायचं. पळसाच्या वाळक्या पानावर काट्याने कोरलेलं. घर कुठल्या जाळीत, आत शिरायची वाट कुठून, पिल्लं किती, आई पाण्याला कधी जाते, मागे कोण असतं. कोण नसतं.

असलं कुणी परक्याला सांगत नाही. आई तर नाहीच. पण अण्णांना सांगायच्या. अण्णांचे काटे लांब होते ना!

पूर्वी ही पानं बिळातच असायची. अण्णा त्यांच्याकडे पाठ करून झोपायचे. मग एका वर्षी वाळवी लागली आणि रानडुकरिणींची निम्मी पानं खाऊन गेली. तेव्हा अण्णांनी ठरवलं, आता कोठी ढगात.

जंगलाच्या टोकाला एक उंच कडा होता. त्याचा माथा बारा महिने ढगात. तिथे गरुडांनी कोरड्या कपारी खोदल्या होत्या आणि ते त्या भाड्याने द्यायचे. वाळवी नाही, ओल नाही, वणवा नाही. पान हवं असेल तर कड्याखाली उभं राहायचं, आपल्या कपारीचा परवलीचा शब्द मोठ्याने सांगायचा, की वरून वेलीला बांधलेली टोपली खाली यायची. जंगलातले सगळे शहाणे आपापली चीजवस्तू ढगात ठेवू लागले होते. अण्णा शहाण्यांच्या मागे कधी राहिले नाहीत.

गरुडांच्या वतीने करार करायला धनेश यायचा. मोठी चोच, संथ बोलणं. तो आला तो नेमका माझ्या लग्नाच्या दिवशी. मी मान खाली घालून बसले होते. मान खाली घातली की ऐकायला फार छान येतं.

धनेशने लांबलचक ताडपत्र उलगडलं आणि वाचू लागला.

"कडा आमचा. वीज पडली, वारा घुसला, दरड कोसळली, तर जबाबदारी आमची."

"हो, हो," अण्णा म्हणाले. "या, या, भेकरीणबाई! बसा. जेवल्याशिवाय जायचं नाही हं. हं, पुढे?"

"कपारीचं दार तुमचं. ते कुणासाठी उघडायचं हे तुम्ही ठरवायचं. परवलीचा शब्द तुमचा. तो कुणाला सांगता ते तुमच्याकडे. तो ज्याला ठाऊक, त्याला टोपली मिळते. ज्याला ठाऊक, त्याला शब्द बदलताही येतो. म्हणून जपा. कामावरून कुणी गेला की शब्द बदला..."

"आलं ते सगळं त्यात. बाणेश, पंगतीत कंद कमी पडताहेत बघ. अहो धनेश, ठसा कुठे उमटवायचा ते सांगा, म्हणजे झालं."

"अजून अर्धं वाचायचं आहे."

"गरुड आहेत ना वर?"

"आहेत."

"मग झालं तर!"

अण्णांनी ठसा उमटवला.

"शब्द कोणता ठेवायचा?" धनेशने विचारलं.

आता, मुलांनो, आमच्यात एक रीत आहे. लग्नात सुनेचं नाव बदलतात. पानाच्या ताटात वरीचे दाणे पसरतात आणि नवरा त्यात काट्याने नवं नाव कोरतो. मग ते सगळ्यांना ओरडून सांगतात आणि गोड वाटतात. त्याच वेळी बाणेशने माझं नाव कोरून संपवलं होतं. बाणेश म्हणजे माझा नवरा. त्याला नाव आधीच सांगून ठेवलं होतं. मला नव्हतं.

अण्णा ताटाकडे वळले. मग धनेशकडे. मग सगळ्या मांडवाकडे. त्यांना काहीतरी सुचलं होतं. त्यांना सुचलं की काटे थरथरतात.

"मंडळी!" अण्णा गरजले. "आज घरात लक्ष्मी आली. सूनबाईंचं नाव ठेवलंय कंटकप्रिया! आणि ढगातल्या आपल्या नव्या कोठीचा शब्दही आजपासून तोच. कंटकप्रिया! घरची लक्ष्मीच कोठी राखणार!"

मांडवभर टाळ्या. सासूबाईंनी डोळे पुसले.

धनेश खाकरला. "अण्णा, परवलीचा शब्द असा चारचौघांत..."

"चारचौघं कुठे? चारशे आहेत!" अण्णा म्हणाले आणि पुन्हा टाळ्या पडल्या.

तिसऱ्या रांगेत तरस बसला होता. त्याला बोलावलं होतं, कारण समाजात राहायचं तर बोलवावं लागतं. तो दोनदा जेवला. सगळे टाळ्या वाजवत होते तेव्हा तो वाजवत नव्हता. त्याचे ओठ हलत होते. पाठांतर करताना हलतात तसे.

मी ते पाहिलं. पण नवी नवरी मांडवात बोलत नाही. हीसुद्धा रीतच.

माझं माहेरचं नाव तिरीप होतं. ते कुणी खोडलं नाही. दाणे गोळा केले आणि त्यांची खीर केली.

सासरी माझ्याकडे दोन कामं आली. एक, बाळंतिणींची पानं कोरायची, कारण माझं अक्षर चांगलं. दुसरं, बिळाच्या तोंडाशी एक काळा दगड होता, त्यावर रोज खडूच्या मातीने सुविचार लिहायचा. तोही अक्षर चांगलं म्हणून. विचार कसे आहेत ते कुणी विचारलं नव्हतं.

ते ताडपत्र मला पहिल्याच आठवड्यात सापडलं. कंदांच्या तुंब्यावर झाकण म्हणून. घराण्याचा एवढा मोठा करार, त्याच्यावर एक गारगोटी ठेवली होती, उडू नये म्हणून. मी तो काढून वाचला. अर्धा जो मांडवात वाचायचा राहिला होता, तोही वाचला.

त्यात टिटवीचं कलम होतं. कुणी कोठीची टोपली मागितली की गरुड एक टिटवी मालकाकडे पाठवतात. ती दारात येऊन ओरडते, "कोण ते? कोण ते?" मालकाने काटे खुळखुळवून होकार दिला तरच टोपली खाली सोडतात. नुसता शब्द ठाऊक असून भागत नाही. मला हे कलम फार आवडलं. त्याच्या समासात मात्र अण्णांचा ठसा होता आणि पुढे लिहिलं होतं, 'टिटवी नको. दुपारी झोपमोड होते.'

मी बाणेशला विचारलं.

"अहो, टिटवी का बंद केली?"

"अगं, ती फार ओरडते. पहिल्या दिवशी तीनदा आली. अण्णांना झोप लागेना."

"पण मग टोपली कुणालाही मिळेल."

"कुणालाही कशी? शब्द सांगावा लागतो."

"शब्द कुणाला ठाऊक आहे?"

बाणेशने बोटं मोजायला सुरुवात केली. "अण्णा, आई, मी, आपले विडे पोचवणारे..."

"जे सोडून गेले ते?"

"तेही. म्हणजे ते चांगले होते गं. आणि..."

"आणि लग्नाला आलेले चारशे," मी म्हटलं.

तो हसला. माझा नवरा वाईट नाही, मुलांनो. त्याचे काटे अजून मऊ आहेत, एवढंच. "अगं, तू काळजी करतेस फार. गरुडांचा कडा आहे तो! त्यावर चढणार कोण?"

"चढायला कशाला हवं? खाली उभं राहून नाव घ्यायचं फक्त."

तो अण्णांशी बोलायला गेला. सुरुवातीचं ते वाक्य मी भिंतीपलीकडून ऐकलं, ते तेव्हा.

बरं, म्हटलं. दगडावर लिहू दे ना मला? लिहिते.

दुसऱ्या दिवशी मी सुविचार लिहिला, 'कडा दुसऱ्याचा असला तरी दार आपलं असतं.'

अण्णा दगडासमोर बराच वेळ उभे राहिले. मान डोलावली. "वा! किती आध्यात्मिक आहे," ते सासूबाईंना म्हणाले. "देह परक्याचा, मन आपलं. असाच अर्थ ना गं, सूनबाई?"

तिसऱ्या दिवशी लिहिलं, 'शब्द बदला.'

"खोल आहे," अण्णा म्हणाले. "शब्द बदलला की प्राणी बदलतो. आपल्या बाणेशने शिकण्यासारखं आहे."

चौथ्या दिवशी मी सगळं उघडच लिहिलं, 'झोपेपेक्षा टिटवी बरी.'

"हे काही जमलं नाही," अण्णा म्हणाले. "यमक नाही."

त्याच सुमारास शेवरी बाळंत झाली.

शेवरी म्हणजे सशीण. माझ्याच माहेरच्या रानातली. लग्न होऊन ती माझ्याआधी इकडे आली होती. सगळ्या जंगलात मला तिरीप म्हणणारी ती एकटी. तिला तीन पिल्लं झाली. डोळे मिटलेली, मुठीएवढी, कानांना अजून उभं राहायचं सुचलं नव्हतं.

मी विडा घेऊन गेले आणि पान कोरायला बसले. तिने पुढचे पाय पिल्लांवर ठेवले.

"सगळं लिहायलाच हवं का गं, तिरीप?"

"विडा रोज यायचा तर हवं."

"आणि हे कोण वाचणार?"

"आमचेच. घरातले."

तिने माझ्याकडे बघितलं. "तू सांगतेस म्हणून सांगते हं," ती म्हणाली. मग सांगितलं. करवंदीची मोठी जाळी, ओढ्याच्या अंगाची तिसरी फांदी, खाली खळगा, तोंडावर वाळकं गवत. पिल्लं तीन. सूर्य माथ्यावर आला की ती पाण्याला जाते. तेवढा वेळ पिल्लं एकटी.

मी ते सगळं माझ्या चांगल्या अक्षरात लिहिलं. ते पान ढगात गेलं.

पाच दिवसांनी रानडुकरिणीचं एक पिल्लू नाहीसं झालं. ती घराशी नसताना. अण्णा म्हणाले, "फार पिल्लं असली की मोजण्यात चूक होते."

आणखी तीन दिवसांनी काजळीचं पाडस गेलं. काजळी म्हणजे तीच भेकरीण, जी आमच्या मांडवात जेवून गेली होती. तिला एकच पाडस होतं. तिची मोजण्यात चूक झाली नव्हती. ती आमच्या बिळाशी येऊन उभी राहिली. सासूबाईंनी तिला विड्याचा नवा पुडा दिला. तिने तो घेतला नाही.

मी आत जाऊन अण्णांसमोर उभी राहिले.

"अण्णा, दोघींची पानं कोठीत आहेत."

"हो का? बरं."

"ज्यांची पानं कोठीत नाहीत, त्यांच्याकडे काही झालं नाही. दोन्हीकडे चोर आला तो आई बाहेर गेली तेव्हाच. वेळ त्याला ठाऊक होती. ती फक्त पानावर आहे."

"योगायोग," अण्णा म्हणाले. "गरुडांच्या कड्यावरून काही जात नाही. सगळं जंगल ठेवतंय तिथे. सगळं जंगल काय वेडं आहे?"

"कड्यावरून गेलं नाही. दारातून गेलं. शब्द बदलू या, अण्णा. आजच. जाऊन यायला अर्धा दिवस लागतो फक्त."

अण्णा उठून बसले. त्यांचे काटे उभे राहिले. "शब्द बदलायचा? म्हणजे तुझं नाव बदलायचं? लग्नाला सहा महिने नाही झाले!"

"नाव नाही. शब्द."

"एकच आहे ते! मी चारशे जणांसमोर जाहीर केलंय." ते सासूबाईंकडे वळले. "ऐकलंस? सून म्हणते, घरच्या लक्ष्मीचं नाव कोठीवरून काढा."

"अगंबाई!" सासूबाई कळवळून म्हणाल्या. "अपशकुन गं, सूनबाई! असं तोंडातून काढू नये."

म्हणजे बघा, मुलांनो. पाडस गेलं तो योगायोग. आणि शब्द बदलणं हा अपशकुन.

मी बाणेशकडे पाहिलं. तो पायाने माती उकरत होता.

दुसऱ्या दिवशी सूर्य चढायला लागला तशी मी निघाले. कुणी विचारलं नाही. दुपारी आमच्याकडे सगळे झोपतात. टिटवीपण नव्हती.

सूर्य माथ्यावर यायच्या आत कड्यापर्यंत जाऊन यायला वेळ नव्हता, आणि शेवरीच्या पानावर तीच वेळ लिहिलेली होती. म्हणून करवंदीच्या जाळीकडे गेले. शेवरी पाण्याला निघतच होती.

"आज जाऊ नकोस," मी म्हटलं. "पिल्लं उचल आणि पलीकडच्या बांबूत ने. कुणाला सांगू नकोस. मलाही सांगू नकोस कुठल्या बांबूत."

तिने पिल्लांवरचं गवत बाजूला केलं. एकेक पिल्लू तोंडात धरून तीन फेऱ्या केल्या. तिसऱ्या फेरीला ती थांबली. "आणि तू?"

"मी जरा इथेच बसते. सावली चांगली आहे."

मी खळग्यात तोंडाकडे पाठ करून बसले आणि अंगावर वाळकं गवत ओढून घेतलं.

सूर्य माथ्यावर आला. पानावर लिहिल्याबरहुकूम. जाळीशी पावलं वाजली. कुणीतरी हळू आवाजात वाचत होतं. "ओढ्याच्या अंगाची... पहिली... दुसरी... तिसरी फांदी. वा. किती सुवाच्य."

मग एक ओलसर नाक गवतात शिरलं.

त्यानंतर जो आवाज झाला, तो ओढ्यापलीकडे ऐकू गेला.

मी वळून पाहिलं. तरस मागच्या पायांवर बसला होता. नाकात माझे चार काटे. समोर पळसाचं पान पडलं होतं, माझ्या अक्षरातलं.

"वहिनी!" तो कळवळला. "तुम्ही? इथे? पानावर तर तीन पिल्लं लिहिलंय!"

"पान जुनं झालं."

"अहो, पण मी काही चोरी केली नाही! कड्याखाली गेलो, तुमचं नाव घेतलं, टोपली आली. चोर असतो तर कडा चढलो असतो."

"काजळीचं पाडस?"

त्याने नाकाकडे डोळे तिरके करून बघितलं. "दार उघडं असलं की आत जावंसं वाटतं, वहिनी. आणि मी विसरलोही असतो नाव. पण तुमच्या सासऱ्यांनी दोनदा सांगितलं. एकदा लग्नासाठी, एकदा कोठीसाठी."

तो लंगडत निघून गेला. पाय धड होते. लंगडणं हा त्याचा स्वभाव. मी पान उचललं. मग बिळाकडे न वळता कड्याकडे गेले. माझं थोडं काम होतं. परत यायला संध्याकाळ झाली.

दुसऱ्या सकाळी काजळी सगळ्या आयांना घेऊन काळ्या दगडापाशी आली. तरसाच्या नाकाची गोष्ट रात्रीतच फिरली होती. शेवरी आली. रानडुकरीण आली. धनेशलाही बोलावणं गेलं होतं. अण्णा बाहेर आले ते पूर्ण काटे उभारून.

"धनेश!" ते गरजले. "कोठी तुमची. चोरी तुमच्याकडे झाली. या आयांना उत्तर द्या!"

धनेश शांतपणे खाली उतरला. "गरुड प्रत्येक टोपलीमागे एक दगड मांडतात," तो म्हणाला. "गेल्या दहा दिवसांत अवेळी तीन टोपल्या खाली आल्या. तिन्ही दुपारी. तिन्ही वेळा शब्द बरोबर होता. टिटवी पाठवली नाही, कारण 'टिटवी नको' यावर तुमचा ठसा आहे. कड्याला ओरखडा नाही, अण्णा. कपार कोरडी आहे. आमचं काम आम्ही केलं."

सगळ्या आया अण्णांकडे बघू लागल्या.

आता मुलांनो, इथे गोष्टीतल्या राजाला आपली चूक कळते. तो मुकुट काढून ठेवतो. पण आमचे अण्णा धंद्यातले. धंद्यात मुकुट काढत नाहीत, दुसऱ्याच्या डोक्यावर ठेवतात.

"शब्द कोणता होता?" अण्णांनी विचारलं, जणू त्यांना ठाऊकच नव्हता.

"कंटकप्रिया," धनेश म्हणाला.

"म्हणजे सूनबाईचं नाव." अण्णा हळूच माझ्याकडे वळले. "आणि ते पान बघू. हे अक्षर कुणाचं?"

"माझं," मी म्हटलं.

"झालं! नाव हिचं, अक्षर हिचं. नवी मुलगी, रानात मैत्रिणी जमवते, जिथे जाईल तिथे आपलं नाव सांगत असणार. बाईमाणसाने असं दहा ठिकाणी आपलं नाव सांगत फिरू नये! आमच्या घराण्यात आजवर कुणी..."

"अहो अण्णा, नाव तर तुम्हीच मांडवात..." बाणेश म्हणाला.

"तू गप्प बस."

बाणेश गप्प बसला. पण एवढं तरी तो बोलला. मी ते मनात ठेवलं आहे.

काजळी पुढे आली. तिचा आवाज अगदी साधा होता. "अण्णा, माझं पाडस कुणामुळे गेलं ते मला कळायला हवं. दुसरं काही नको."

"कळेल, भेकरीणबाई. सगळ्यांना कळेल, असं लिहूनच ठेवतो." अण्णांनी माझ्यापुढे खडूची माती सरकवली. आमच्या घरात काही घडलं की त्याचं तात्पर्य दगडावर लिहितात. चूक विसरायची ही जुनी पद्धत. "घे, सूनबाई. लिही. तात्पर्य: ढगावर कधी विसंबू नये आणि सुनेने जीभ आवरावी. मोठं लिही. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं वाचून दाखव. चुकीची कबुली स्वतःच्या तोंडून बरी."

मी माती उचलली. दगडाकडे तोंड केलं. मला लिहायला वेळ लागला, कारण मला बरंच लिहायचं होतं.  माझ्या मागे शेवरीचे कान उभे राहिल्याचा आवाज आला.

मग मी वळले. आणि लग्नानंतर पहिल्यांदा, घरातल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात बोलले.

तात्पर्य:

"धंदा करणाऱ्याने दाराची काळजी करू नये. कडा भाड्याने घ्यावा, म्हणजे दार दुसऱ्याचं झालं असं समजता येतं. करार वाचू नये, त्याने तुंबा झाकावा. परवलीचा शब्द मांडवात जाहीर करावा, तरसाला पंगतीत बसवावं आणि टिटवीला हाकलून निवांत झोपावं. दुसऱ्याचं पिल्लू गेलं तर योगायोग म्हणावं. फारच विचारलं कुणी, तर ढगाकडे बोट दाखवावं. ढगाने हिशोबाने उत्तर दिलं, तर सुनेकडे. म्हणून प्रत्येक मोठ्या धंद्यात एक नवी सून असावी.

"काजळीबाई, तुमचं पाडस आमच्या दारातून गेलं. गरुडांच्या नाही.

"आणि अण्णा, फुटलेला शब्द बदलायचा असतो, असं ताडपत्रात आहे. कंटकप्रिया सगळ्या जंगलात फुटलंय. तेव्हा आजपासून मला तिरीप म्हणायचं. शब्द ज्याला ठाऊक, त्याला तो बदलता येतो, हेही ताडपत्रात आहे. मी काल कड्याखाली जाऊन बदलून आले. टिटवीही परत लावलीय. नवा शब्द कोणता, ते मी इथे चारचौघांत सांगणार नाही."